तीन वर्षे सक्तमजुरी म्हणजे नेमकं काय आणि किती?

पत्र: माझ्या धाकट्या भावाला २०२१ मधल्या बांधावरच्या भांडणात शिक्षा झाली. पोलिसांनी कलम ३२६ (धोकादायक हत्याराने गंभीर दुखापत) लावलं होतं, त्यामुळे तेव्हा जामीन मिळेपर्यंत तो ४७ दिवस आत होता. पहिले ४ दिवस पोलीस कोठडी, पुढचे ४३ न्यायालयीन. आता तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्याला ३२५ (गंभीर दुखापत) आणि ५०४ (चिथावणीसाठी मुद्दाम अपमान) खाली दोषी धरलंय. आदेश असा आहे: "कलम ३२५ साठी तीन वर्षे सश्रम कारावास व रु. ६,००० दंड, दंड न भरल्यास तीन महिने साधा कारावास. कलम ५०४ साठी सहा महिने साधा कारावास. दोन्ही शिक्षा एकत्रित भोगाव्यात. न्यायालयीन कोठडीत काढलेला कालावधी वजा करावा." अपिलासाठी शिक्षा एक महिना स्थगित आहे आणि तो सध्या घरीच आहे. कुणी म्हणतं सक्तमजुरी म्हणजे दगड फोडायला लावतात, कुणी म्हणतं तुरुंगात दिवस आणि रात्र वेगळे धरतात म्हणून दीड वर्षातच सुटेल. वर एकाने उसन्या पैशांवरून त्याच्यावर ३ लाखांचा हुकूमनामा (दिवाणी न्यायालयाचा पैसे देण्याचा आदेश) मिळवलाय. तो म्हणतो, "पैशांसाठीही आत टाकीन, नाहीतर मीच कोंडून ठेवीन." नेमकं काय खरं?

उत्तर:

ताई, शब्दांचे अर्थ सावकाश पाहू. आधी तारीख पाहा, कारण तुमच्याकडे सगळ्यात कमी आहे तो वेळ. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या निकालावर सत्र न्यायालयात अपील करायला शिक्षेच्या दिवसापासून ३० दिवस मिळतात. हातात आहे ती स्थगिती निकाल देणाऱ्या न्यायालयानेच दिलेली आहे. आरोपी जामिनावर असेल, शिक्षा तीन वर्षांपेक्षा जास्त नसेल आणि त्याला अपील करायचं असेल, तर ते न्यायालय त्याला तेवढ्यापुरतं मोकळं ठेवतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३८९ होतं, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४३० आहे.

यात सर्रास होणारी चूक म्हणजे, अपील दाखल झालं की शिक्षा आपोआप थांबली, असं लोक धरून चालतात. तसं होत नाही. अपिलासोबत शिक्षेच्या स्थगितीचा आणि जामिनाचा वेगळा अर्ज द्यावा लागतो आणि महिना संपायच्या आत त्यावर सत्र न्यायालयाचा आदेश हातात यावा लागतो. अठ्ठाविसाव्या दिवशी अपील दाखल केलं, अर्जावर सुनावणी पुढच्या आठवड्यात लागली, तर मधल्या दिवसांत अजामीनपात्र वॉरंट निघू शकतं. म्हणून पंधरा दिवसांच्या आतच कागद सत्र न्यायालयात गेलेले बरे. निकालाची एक प्रत आरोपीला लगेच आणि मोफत मिळते, तो हक्क आहे. नक्कल विभागाच्या रांगेत दिवस घालवू नका. ठरावीक मुदतीच्या शिक्षेत अपील प्रलंबित असताना स्थगितीचा विचार उदारपणे व्हावा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच म्हटलेलं आहे, त्यामुळे अर्ज वेळेत गेला तर आशेला जागा आहे.

आता तुमच्या आदेशाकडे येऊ. त्यातले चार तुकडे सुटे करून वाचा, कारण भाऊ घरी कधी येणार हे त्या चारांवर ठरतं.

पहिला तुकडा कैदेच्या प्रकाराचा. भारतीय दंड विधानाने कैदेचे दोनच प्रकार मानले, सश्रम म्हणजे सक्तमजुरीची आणि साधी, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही तेच ठेवले. (भावाचं भांडण २०२१ मधलं, म्हणून त्याच्या आदेशात जुनी कलमं आहेत. त्यात चूक काही नाही.) कलमाच्या मजकुरात 'दोहोंपैकी कोणत्याही प्रकारचा कारावास' असं असलं की सश्रम की साधा हे न्यायालय ठरवतं. काही गुन्ह्यांना साधाच असतो. बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, न्यायालयाच्या अवमानाला सहा महिन्यांपर्यंत साधी कैद. काहींना सश्रमच सांगितलेला असतो, जसा बलात्काराला. एकाच शिक्षेचा काही भाग सश्रम आणि उरलेला साधा, असंही न्यायालय करू शकतं.

सक्तमजुरी म्हणजे दगड फोडणं, हे चित्र जुनं आहे. आजच्या मध्यवर्ती कारागृहात सश्रम कैद्याला कारखान्यात किंवा शेतीवर काम नेमून देतात: हातमाग, शिवणकाम, सुतारकाम, बेकरी, कैद्यांचा स्वयंपाक, साफसफाई. १८९४ च्या तुरुंग कायद्याने या कामाला दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. कामावरच्या कैद्याचं वजन पंधरवड्यातून निदान एकदा त्याच्या हिस्टरी तिकिटावर नोंदवावं, असंही त्यात आहे. हिस्टरी तिकीट म्हणजे कैद्याच्या नावाचा तिथला नोंदीचा कागद, आणि वजनाच्या त्या रकान्याला कारण आहे. काम झेपत नसेल तर ते आधी वजनात दिसतं, आणि मग वैद्यकीय अधिकाऱ्याला काम बदलून द्यायला सांगता येतं. भावाला पाठीचं, दम्याचं, फिटचं असं काही असेल तर डॉक्टरांचे कागद पहिल्याच दिवशी सोबत द्या. महिन्याने मुलाखतीत तोंडी सांगण्यापेक्षा ते कितीतरी उपयोगी पडतात.

कामाची मजुरीही मिळते. सक्तमजुरी असली तरी ती फुकट करून घ्यायची नाही, न्याय्य वेतन द्यायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये गुजरातच्या प्रकरणात ठरवलं. रक्कम बाहेरच्या रोजंदारीच्या मानाने थोडी असते, तेव्हा तिच्यावर घर चालेल असं धरू नका.

साध्या कैदेत काम सक्तीचं नसतं. मागितलं तर द्यायचं असतं, आणि आत गेलेले बरेच जण मागतातच. बरॅकीत दिवसभर नुसतं बसून राहणं किती जड जातं ते बाहेरून कळत नाही. शिवाय मजुरी मिळते, आणि माफीच्या, म्हणजे शिक्षेतून कमी होणाऱ्या, दिवसांचा हिशेबही कामाशी आणि वर्तणुकीशी जोडलेला असतो. त्यामुळे 'साधी' हा शब्द ऐकून ती हलकी शिक्षा समजू नका. भिंत तीच, मुलाखतीची जाळी तीच.

दुसरा तुकडा 'एकत्रित'. तुमच्या आदेशातला हा सगळ्यात मोलाचा शब्द आहे. एकाच खटल्यात दोन गुन्ह्यांसाठी दोन शिक्षा झाल्या की त्या एकत्रित भोगायच्या की एकामागून एक, हे न्यायालय सांगतं. एकत्रित म्हटल्यामुळे ५०४ चे सहा महिने तीन वर्षांच्या पोटातच सरतात, वेगळे धरायचे नाहीत. पण ही सवलत या खटल्यापुरती. आणखी एखाद्या वेगळ्या खटल्यात, समजा चेक न वटल्याच्या, पुढे शिक्षा झाली, तर ती साधारणपणे आधीची शिक्षा संपल्यावर सुरू होते. ती एकत्रित चालावी असं त्या दुसऱ्या न्यायालयाने स्पष्ट लिहावं लागतं. तशी वेळ आलीच तर युक्तिवाद संपायच्या आत वकिलांना तेवढं मागायला सांगा. निकालानंतर त्यासाठी वरच्या न्यायालयाचे उंबरे झिजवावे लागतात.

तिसरा तुकडा दंडाचा. दंड न भरल्याबद्दलचे तीन महिने ही वेगळी चीज आहे. ती मूळ शिक्षेत मिसळत नाही, तिच्यावर चढते. अशी कैद मूळ शिक्षेसोबत एकत्रित चालवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केलं. कोठडीत काढलेले दिवसही तिच्यातून वजा होत नाहीत. म्हणजे ६,००० रुपये भरले नाहीत तर तीन वर्षांनंतर आणखी तीन महिने. दंड भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नव्हे, आणि अपिलात सुटका झाली तर रक्कम परत मिळते. म्हणून तो भरून टाका, आणि पावतीच्या तीन प्रती काढा: एक वकिलांकडे, एक घरी, एक भावाच्या कागदांत. दंड भरलेला असतो, पावती सापडत नाही आणि कारागृहाच्या नोंदीत 'दंड बाकी' राहतं, हे ऐनवेळी फार छळतं.

सगळी रक्कम एकदम जमली नाही तरी मार्ग आहे. जितका दंड भराल त्या प्रमाणात ही कैद कमी होते. तुमच्या बाबतीत ६,००० ला तीन महिने, म्हणजे २,००० ला एक महिना. ४,००० भरले तर एकच महिना उरतो. ती कैद सुरू झाल्यावर मधेच उरलेले पैसे भरले, तरी ती तिथेच संपते.

चौथा तुकडा वजावटीचा, आणि इथे तुमच्या आदेशात एक खोच आहे. त्यात 'न्यायालयीन कोठडीत काढलेला कालावधी' एवढंच लिहिलंय. ते शब्दशः घेतलं तर कारागृहातला लिपिक ४३ दिवस वजा करील. कायदा मात्र, प्रक्रिया संहितेचं जुनं कलम ४२८ आणि नवं ४६८, त्याच प्रकरणातल्या तपास, चौकशी आणि खटला या तिन्ही टप्प्यांवरची कोठडी धरतो. पोलीस कोठडी तपासाचाच भाग, म्हणून तेही ४ दिवस आले आणि वजावट ४७ दिवसांची झाली. चार दिवसांसाठी काय भांडायचं, असं वाटेल. पण चूक जेल वॉरंटवर, म्हणजे न्यायालय कारागृहाला पाठवतं त्या कागदावर, गेली की पुढचा प्रत्येक हिशेब तीच चूक घेऊन चालतो. अटकेची तारीख, रिमांडचे आदेश आणि जामिनावर सुटल्याची तारीख यांच्या प्रती आत्ताच काढून ठेवा. अपिलातच 'पोलीस कोठडीसह एकूण ४७ दिवस' अशी दुरुस्ती मागा. आत जायची वेळ आलीच तर वॉरंट तयार होतानाच त्यावरचा आकडा वकिलांना बघायला सांगा.

उदाहरण घेऊ. समजा अपील फेटाळलं गेलं आणि भाऊ १ जूनला हजर झाला. शिक्षा कॅलेंडरने मोजतात, म्हणून तीन वर्षे तिसऱ्या वर्षीच्या ३१ मेला पुरी होतात. ४७ दिवस मागे या: १४ एप्रिल. दंड भरलेला असेल तर, माफी न धरता, त्याच्या सुटकेची ही तारीख. मधे जामिनावर घरी काढलेले दिवस यात येत नाहीत, मग ते चार वर्षांचे का असेनात.

दिवस आणि रात्र वेगळे मोजतात, ही शुद्ध थाप आहे. कुठल्याच कायद्यात तसं नाही. शिक्षा कमी होते ती माफीमुळे, म्हणजे काम आणि वर्तणूक पाहून महिन्यागणिक मिळणाऱ्या दिवसांनी. महाराष्ट्रात त्यासाठी १९६२ चे नियम आहेत. त्याने तीन वर्षांची दीड होत नाहीत. नियम मोडला तर मिळालेली माफी कापलीही जाते.

रजेचेही दोन प्रकार आहेत आणि लोक ते एकच समजतात. फर्लो, म्हणजे संचित रजा, शिक्षेत धरली जाते. पॅरोल, म्हणजे अभिवचन रजा, आजारपण किंवा मयतीसारख्या कारणासाठी मिळते आणि तिचे दिवस शिक्षेत धरत नाहीत, तेवढे पुढे भोगावे लागतात. दोन्हींतून परतायला उशीर झाला तर माफी जाते आणि नवा गुन्हाही दाखल होऊ शकतो.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, हेही त्याच पारावरचं. तुमच्या भावाशी त्याचा संबंध नाही, पण कुणी ऐकवलंच तर माहीत असावं: गांधीहत्येच्या कटातल्या गोपाळ गोडसेच्या प्रकरणात १९६१ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप म्हणजे उरलेलं आयुष्य, असं सांगून टाकलंय. चौदा हा आकडा, मृत्युदंडही होऊ शकला असता अशा गुन्ह्यात, सरकारला त्याआधी सोडता येऊ नये म्हणून घातलेली खालची मर्यादा आहे. कायद्यातली वीस वर्षेही जन्मठेपेचा अर्धा-पाव भाग काढण्यापुरतीच धरलेली.

एकांतवासाची भीती काढून टाका. तो सश्रम कैदेसोबतच देता येतो, न्यायालयाने आदेशात लिहावा लागतो आणि तुमच्या आदेशात तो नाही. दिलाच तर एका वेळी १४ दिवस आणि एकूण तीन महिने, याच्या वर जाऊ शकत नाही. १९७८ च्या सुनील बत्रा निकालानंतर कारागृह प्रशासनाला स्वतःच्या मर्जीने कुणाला एकांतात टाकता येत नाही.

आता तुमच्या पत्रातली जी गोष्ट तुमच्याही लक्षात आलेली दिसत नाही, ती सांगतो. पोलिसांनी लावलेलं ३२६ तडजोडपात्र, म्हणजे आपसात मिटवता येण्यासारखं, नव्हतं. न्यायालयाने दोषी धरलं ते ३२५ खाली, आणि ते न्यायालयाच्या परवानगीने तडजोडपात्र आहे. ही तडजोड ज्याला इजा झाली त्याने करायची असते. ५०४ तर तडजोडपात्र आहेच. अपील चालू असतानाही अपील न्यायालयाच्या परवानगीने तडजोड करता येते, आणि ती मान्य झाली की तिचा परिणाम निर्दोष सुटकेचा. समोरचा जखमी गावातलाच असेल आणि चार वर्षांत राग निवला असेल, तर भल्या माणसांना मध्ये घालून विचारून पाहा. मात्र भावाने स्वतः त्याच्या दारात जाऊ नये. दबाव टाकल्याची एक तक्रार झाली तरी आहे तो जामीन धोक्यात येतो. बोलणी वकिलांमार्फत आणि पुरसिस, म्हणजे तडजोडीचं लेखी निवेदन, न्यायालयासमोर, एवढा क्रम पाळा.

तडजोड नाहीच जमली तर दुसरं दार १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्याचं. पहिलाच गुन्हा, वय, घरची जबाबदारी, शिक्षेनंतरची वागणूक हे पाहून अपील न्यायालयही दोष कायम ठेवून कैदेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकतं. अपिलाच्या मेमोत हा मुद्दा पर्यायी म्हणून आधीच लिहून ठेवा, शेवटच्या दिवशी तोंडी आठवू नका. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या. घरी असताना उत्पन्नाची अट पाहतात, पण माणूस कोठडीत असेल तर उत्पन्न न पाहता वकील मिळतो.

राहिला तो ३ लाखांवाला. उसने पैसे देता आले नाहीत म्हणून फौजदारी तुरुंग नसतो. दिवाणी तुरुंग नावाची गोष्ट मात्र आहे आणि तिचे नियम अगदी वेगळे. तिथे शिक्षा नसते, हुकूमनाम्याची वसुली असते. ५,००० रुपयांच्या वरच्या हुकूमनाम्यासाठी जास्तीत जास्त तीन महिने, आणि त्या काळातला निर्वाह भत्ता धनकोनेच भरायचा. तो भरायचा थांबला की ऋणको सुटतो. पैशांच्या हुकूमनाम्यासाठी बाईमाणसाला तर अटकच करता येत नाही. आणि नुसतं कर्ज थकलं एवढ्यावर हे होत नाही. ऐपत असून देत नाही किंवा मालमत्ता लपवली, याची न्यायालयाला खात्री पटावी लागते; १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठासून सांगितलंय. आत जाऊन आल्याने कर्ज मात्र फिटत नाही. त्याच हुकूमनाम्यावर पुन्हा अटक होत नाही, इतकंच.

'दिवाणी तुरुंगात का पाठवू नये' अशी नोटीस आली तर तारीख चुकवू नका. हजर राहिलं नाही की वॉरंट निघतं. शपथपत्रात जमीन, पगार, कर्जं, घरात खाणारी माणसं, सगळं खरं मांडा आणि झेपेल एवढा हप्ता स्वतःहून लिहून द्या.

आणि 'मीच कोंडून ठेवीन' याचं म्हणाल, तर हातात हुकूमनामा असला तरी कुणाला कोंडायचा हक्क त्याला मिळत नाही. कायद्याच्या भाषेत बंदिवास व्हायला गज आणि कुलूप लागतातच असं नाही. माणसाला ठरावीक जागेच्या बाहेर जाऊ दिलं नाही की तो झाला. मग ती त्याची ओसरी असो की रात्रभर उभी केलेली गाडी. कायद्याच्या आदेशाशिवाय असं करणं हा गैरबंदिवासाचा गुन्हा आहे, त्याला एक वर्षापर्यंत कैद आहे आणि दिवस वाढले तशी शिक्षा चढते. ती धमकी फोनवर किंवा मेसेजमध्ये आली असेल तर पुसू नका. भावाला सांगा की पैशांच्या बोलणीसाठी त्याच्या घरी एकट्याने जायचं नाही, बोलणं काय ते हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या अर्जाच्या (दरखास्तीच्या) तारखेला, न्यायालयातच.